बालदमा आणि आपलं घर: कोल्हापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात लहान मुलांची डॉक्टर आहे. जूनचा पाऊस लागला की ओपीडीच्या बाकावर खोकणारी मुलं वाढतात. दिवाळीनंतर, गळीत हंगाम सुरू झाला की पुन्हा एकदा. पालकांचे प्रश्न तेच असतात आणि गर्दीत प्रत्येकाला सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. हे वाचून औषधाचा डोस मनानं बदलू नका. तुमच्या मुलाच्या छातीला ज्यांनी स्टेथोस्कोप लावला आहे, त्यांचं ऐका.

आमच्या डॉक्टरांनी "दमा" म्हटलं नाही, "ॲलर्जिक ब्राँकायटिस" म्हटलं. म्हणजे दमा नाही ना?

बहुतेक वेळा तोच असतो. पालक घाबरतील म्हणून आम्ही डॉक्टर हा शब्द टाळतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही टाळायची. एका कुटुंबाला मी "ब्राँकायटिस आहे, पंप चालू ठेवा" एवढंच सांगितलं. दोन महिन्यांत खोकला थांबला, ब्राँकायटिस बरा झाला असं समजून त्यांनी पंप (इनहेलर) बंद केला आणि पावसाळ्यात रात्री दोन वाजता धापा टाकणाऱ्या पोराला कडेवर घेऊन आले. चूक त्यांची नव्हती. आजाराचं नावच कळलं नसेल, तर तो दीर्घकाळ चालणारा आहे हे त्यांना कुठून कळणार? तेव्हापासून मी दमा असेल तर दमाच म्हणते.

दम्यात फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. मूल खेळतं-बागडतं असतानाही ही सूज थोडीफार असतेच. त्यात सर्दी झाली, धूर गेला, गारठा लागला की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ धरतो आणि श्वास बाहेर सोडताना बारीक शिट्टी वाजते. आपल्याला ऐकू येते ती शिट्टी. सूज ऐकू येत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

साधी सर्दी आणि दमा यांत फरक कसा ओळखायचा?

वारंवारता आणि वेळ बघा. प्रत्येक सर्दी छातीत उतरते का? खोकला रात्री आणि पहाटे वाढतो का? हसताना, रडताना, पळताना खोकल्याची उबळ येते का? दवाखान्यात मशीनवर औषधाची वाफ दिली की दहा-पंधरा मिनिटांत मोकळं वाटतं का? घरात कुणाला दमा, सतत शिंका किंवा अंगावर खाज येणारा इसब आहे का? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं "हो" आली तर नीट तपासणी करून घ्या. साधारण सहाव्या वर्षापासून मूल जोरात फुंकर मारू शकतं, तेव्हा स्पायरोमेट्रीनं, म्हणजे फुंकर मोजणाऱ्या तपासणीनं, निदान पक्कं करता येतं. त्याहून लहान मुलांत तुमची हकीकत हाच आमचा मोठा आधार असतो. रात्री घरघर ऐकू आली की मोबाइलवर अर्धा मिनिट छातीचा व्हिडिओ काढून ठेवा, त्याचा मला फार उपयोग होतो.

मोठेपणी जाईल का?

पाच वर्षांच्या आतली, फक्त सर्दीबरोबर घरघरणारी बरीच मुलं शाळेत जायच्या वयात बरी होतात. ज्यांना ॲलर्जी आहे, इसब आहे किंवा आई-वडिलांपैकी कुणाला दमा आहे, त्यांचा दमा टिकण्याची शक्यता जास्त. "मोठेपणी जाईल" म्हणून आज उपचार टाळणं मात्र चूक. ती वर्षं मुलाची झोप आणि शाळा खाऊन जातात.

कोणाच्या बाजूनं आला?

या प्रश्नावरून घरात सुनेला बोल लावलेले मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. ॲलर्जीकडे असलेला कल दोन्हीकडून येऊ शकतो, पण तो पेटतो धूर, धूळ, ओल आणि विषाणूंमुळे. यात आईचा दोष नाही. पोटुशी असताना काय खाल्लं, याच्याशीही त्याचा संबंध जोडू नका.

पंपाची सवय लागते ना? आधी गोळ्या-सिरप देऊन बघू, पंप शेवटी.

ओपीडीत सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नाला जातो, आणि जाऊ दे. एक आई मुलीचा पंप हातरुमालात गुंडाळून, पर्सच्या तळाशी ठेवून आणायची. पाहुणे असले की डोस चुकायचा. "पोरीची जात आहे, उद्या लग्नाला अडचण नको," असं ती खाली मान घालून म्हणाली. ती मुलगी त्या वर्षात तीनदा ॲडमिट झाली होती. दवाखान्याच्या खाटेवरचं पोर सगळ्या गल्लीनं पाहिलं, पंप मात्र लपवून ठेवलेला.

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते का? गरज असते तोवर वापरतो. पंप ही शेवटची पायरी नसून पहिली आहे, कारण औषध जिथं सूज आहे तिथंच पोचतं. गोळी किंवा सिरप आधी पोटात, मग रक्तात आणि तिथून सगळ्या अंगभर जातं. त्यातलं थोडंच नळ्यांपर्यंत पोचतं, म्हणून डोस मोठा लागतो.

आकडेच सांगते. लहान मुलाला रोजच्या पंपातून दिवसाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, मिळतं. अटॅक आला आणि तोंडानं स्टेरॉइड द्यावं लागलं, तर १५ किलोच्या मुलाला दिवसाला १५ ते ३० मिलिग्रॅम, असे तीन ते पाच दिवस. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. ही दोन औषधं वेगळी आहेत, त्यामुळे थेट बरोबरी होत नाही, पण कुठलं प्रमाण केवढं याचा अंदाज येतो. पंपाला भिऊन वर्षातून चार वेळा तोंडी स्टेरॉइड घेणारं मूल कितीतरी जास्त स्टेरॉइड घेत असतं.

पण स्टेरॉइडनं उंची खुंटते असं वाचलं.

वाचलं ते अर्धं खरं आहे. रोजच्या पंपानं पहिल्या एक-दोन वर्षांत वाढ साधारण १ सेंटिमीटरनं मागे राहू शकते. ही तूट वर्षागणिक वाढत जात नाही. काबूत नसलेला दमा, रात्रीची तुटलेली झोप आणि वारंवारचं तोंडी स्टेरॉइड यांनी वाढ अधिक खुंटते. मी दर तीन-चार महिन्यांनी उंची मोजते आणि दमा तीन महिने शांत राहिला की डोस कमी करून बघते. तुमच्या मुलाची उंची कुणी मोजत नसेल तर आवर्जून मोजायला सांगा.

दोन-दोन पंप कशाला?

एक रोजचा, एक अडीअडचणीचा. रोजचा पंप सूज कमी करतो. त्याचा गुण यायला काही दिवस ते आठवडे लागतात, त्यामुळे "घेतला पण फरक नाही" म्हणून चार दिवसांत सोडू नका. अडीअडचणीचा, म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉलचा, आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो. सूज मात्र तो घालवत नाही. लगेच गुण येतो म्हणून पालकांचा जीव याच पंपावर जडतो आणि रोजचा कोपऱ्यात पडतो. इथंच घात होतो. हा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर दमा काबूत नाही. २०० डोसचे तीन किंवा अधिक पंप वर्षात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. औषधाचं नाव वाचा आणि पंपावर मोठ्या अक्षरात "रोजचा" आणि "धाप लागल्यावर" अशा चिठ्ठ्या चिकटवा.

स्पेसर लागतोच का? आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, थेट तोंडात मारतो.

लागतोच. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी. थेट तोंडात मारलेलं औषध बरंचसं घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथंच राहतं. मी दर भेटीत मुलाला माझ्यासमोर पंप घ्यायला लावते. वर्षभर घेणारी मुलंसुद्धा चुकतात. कुणी पंप हलवत नाही, कुणी दोन पफ एकदम दाबतं, कुणाच्या मास्कची कड गालाला टेकत नाही आणि सगळं औषध डोळ्यांत जातं.

पंप चांगला हलवा. स्पेसरला जोडा. चार-पाच वर्षांपर्यंत मास्क, तोही नाक आणि तोंड दोन्ही झाकून घट्ट. त्यापुढे नळी दातांत आणि ओठ बंद. एक पफ दाबा आणि मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्या. आत झडप असेल तर ती प्रत्येक श्वासाला टक-टक हलते. मुलांना ती मोजायला आवडते, मोजू द्या. दुसरा पफ लिहिला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, मास्क असेल तर तोंडही पुसायचं, नाहीतर तोंड येतं. मूल रडत असताना देऊ नका, औषध आत जात नाही. गाढ झोपेत मास्क लावला की पुष्कळ मुलं दचकून उठतात, म्हणून दात घासायच्या आधीची वेळ सगळ्यात सोयीची. चूळही आपोआप होते.

स्पेसर पंधरा दिवस-महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, काढा आणि न पुसता निथळत ठेवा. फडक्यानं घासला की प्लॅस्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध भिंतींना चिकटतं.

घरी वाफेचं मशीन घेऊ का?

क्वचितच गरज पडते. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेला पंप वाफेच्या मशीनइतकाच काम करतो, विजेवर चालत नाही आणि दप्तरात मावतो. मशीन घरी असलं की पालक रात्रभर वाफ देत बसतात आणि दवाखान्यात यायला उशीर होतो. गरम पाण्याची वाफ तर दम्यावर इलाजच नाही. त्या पातेल्यानं भाजलेली मुलं मात्र पाहिली आहेत.

माँटेलुकास्टची गोळी सहा महिने चालू आहे, चालेल का?

काही मुलांना तिचा उपयोग होतो, पण पंपाच्या जागी ती पुरी पडत नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं या गोळीवर ठळक चौकटीतला इशारा घातला: काही रुग्णांत वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, वागण्यात बदल दिसतात. मूल अचानक रात्री किंचाळून उठू लागलं किंवा स्वभाव बदलला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. दर सर्दीला अँटिबायोटिक मात्र नको. मुलांचे बहुतेक अटॅक विषाणूंच्या सर्दीनं सुरू होतात आणि त्यावर ते चालत नाही.

घरात आधी काय बदलू? सगळं एकदम जमणार नाही.

आधी धूर. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आपल्या भागात परसात किंवा न्हाणीच्या दाराशी पाणी तापवायचा बंब असतो. पहाटे पाचला तो पेटतो, त्यात शेणी, चिपाडं, पालापाचोळा, आणि अलीकडे दुधाच्या पिशव्या आणि प्लॅस्टिकसुद्धा. करवीर तालुक्यातल्या एका घरी मी मुद्दाम पहाटे गेले होते, कारण तिथल्या मुलाचा खोकला रोज साडेपाचला सुरू व्हायचा आणि औषधं बदलूनही हटत नव्हता. बंब न्हाणीत, न्हाणीला लागून मुलाची झोपायची खोली, मध्ये वरून उघडी भिंत. आजी फुंकणीनं फुंकत होत्या आणि धूर छताशी साठून सावकाश पलीकडे उतरत होता. आजींना मी हात धरून आत नेलं. अंथरुणावर बसलेला नातू खोकत होता. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात बंब गोठ्यापलीकडे गेला होता.

बंब हलवता आला तर हलवा. सोलर किंवा विजेचा गिझर परवडत असेल तर उत्तम. गॅस गिझर बसवणार असाल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा. बंद न्हाणीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. काहीच शक्य नसेल तर बंब पेटताना मुलाची खोली बंद आणि पलीकडची खिडकी उघडी ठेवा, आणि प्लॅस्टिक कधीच जाळू नका. चुलीचंही तेच.

दुसरं, डासांची कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात असं मोजलं गेलं. दारं-खिडक्या लावून, पलंगाखाली ती रात्रभर जळते. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा, पाण्याच्या टाक्या झाका. "कमी धुराची" म्हणून मिळणारी डासांची अगरबत्तीसुद्धा जळतेच.

तिसरं, उदबत्ती-धूप. देवाला सोडा असं मी कधीच म्हणत नाही. निरांजन लावा, फुलं वाहा. उदबत्ती लावायचीच असेल तर अंगणात तुळशीपाशी लावा. नवरात्रात घरभर धूप फिरवताना मुलाला शेजारी पाठवा.

आणि विडी-सिगारेट. "मी गॅलरीत ओढतो" हे पुरेसं नाही. धूर कपड्यांत आणि केसांत बसून आत येतो. मुलाला जवळ घेतलं की तो त्याच्या नाकात जातो. मुलाच्या औषधावर खर्च करणाऱ्या बापानं यावर एकदा मनापासून विचार करावा, ही माझी विनंती आहे.

बाळाला धुरी द्यावी का?

नाही. शेगडीवर ओवा, वावडिंग, शेपा टाकून बाळाला धुरी देण्यामागे माया आहे, हे मला माहीत आहे. पण दोन महिन्यांच्या बाळाच्या नळ्या फार बारीक असतात आणि धूर कशाचाही असला तरी धूरच. तेल लावा, कोमट पाण्यानं अंघोळ घाला, उबदार कपड्यांत गुंडाळा. पावसाळ्यात दुपटी शेगडीवर वाळवायची झाली तर बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते, काळे डाग पडतात. त्यानं होतं का?

होतं. ते काळे डाग म्हणजे बुरशी, आणि तिचे बीजाणू श्वासातून आत जातात. नुसता रंग मारला तर ती दोन महिन्यांत वर येते. आधी पाणी कुठून मुरतं ते शोधा: गच्चीची भेग, फुटलेला कौल, न्हाणीची नळी. रंगाच्या आधी त्यावर खर्च करा. डाग साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, कोरडे खरवडू नका, आणि पुसताना मूल घरात नको. मुलाचा पलंग ओल्या भिंतीपासून हातभर लांब घ्या, कपाटही सरकवा. घरात कपडे वाळत घालायचेच असतील तर मुलाच्या खोलीत नको. उघडीप मिळाली की तासभर सगळ्या खिडक्या उघडा.

गादी, गोधडी, धूळ?

गादी-उशीत डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे असतात. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात आणि दमट हवेत वाढतात, म्हणजे आपला पावसाळा त्यांचा सुगीचा काळ. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, शक्यतो ६० अंशांच्या, धुवा. गादी-उशीला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला. वाकळ आजीनं प्रेमानं शिवलेली असते, ती टाकू नका, धुऊन कडक उन्हात वाळवा. मऊ खेळणी एक-दोनच ठेवा आणि तीही धुता येणारी. झाडताना मूल बाहेर, आणि झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं चांगलं. पिंजाऱ्याला बोलावून कापूस घरीच पिंजणार असाल तर त्या दिवशी मुलाला मामाकडे पाठवा.

झुरळांचीही ॲलर्जी असते. उष्टं-खरकटं रात्री उघडं ठेवू नका. फवारणीपेक्षा जेल बरं.

चटणी करायचे दिवस आले की पोराला हमखास त्रास होतो.

मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या भाजायच्या, मसाले तळायचे, डंकावर कुटून आणायचं, हे कोल्हापुरात कुठल्या घरात होत नाही? मिरचीचा ठसका धडधाकट माणसालाही खोकवतो. चटणीचं काम गच्चीवर किंवा अंगणात करा, मूल शाळेत असताना. डंकावर त्याला बरोबर नेऊ नका. रोजच्या फोडणीला स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा. तिखट खाल्ल्यानं दमा होत नाही. रात्री फार उशिरा, भरपेट रस्सा ओरपून लगेच आडवं झालं तर आम्ल वर येऊन खोकला लागू शकतो, एवढंच.

शेजारी उसाचं पाचट पेटवतात, आम्ही काय करणार?

फड पेटला की काळी राख गावभर उडते. तेव्हा दारं-खिडक्या लावून मूल आत ठेवा आणि राख ओल्या फडक्यानं टिपा. पण फड तुमचा स्वतःचा असेल तर? तुम्ही काही करू शकता. सरीत कुजवलेलं पाचट खोडव्याला सेंद्रिय खत देतं आणि जमिनीत ओल धरून ठेवतं. ऊस लावणाऱ्या प्रत्येक बापाला मी हे सांगते, कारण औषधाइतकंच तेही माझ्या रुग्णासाठी आहे.

कामाचे कपडेही विसरू नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून, इचलकरंजीच्या मागावरून आलेला बाप तसाच मुलाला उचलून घेतो. आधी कपडे बदला, हात-तोंड धुवा. हुपरीत घरातच चांदी आटवत असाल तर भट्टीची आणि आम्लाची खोली मुलाच्या खोलीपासून वेगळी, दार बंद.

दिवाळीत फटाके?

मोठा आवाज करणाऱ्यापेक्षा लहान मुलांच्या हातात दिले जाणारे फटाकेच जास्त धूर करतात. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजमापात साधी नागगोळी सूक्ष्म कणांत सगळ्यांत वर निघाली होती. मूल तिच्यावर वाकून, तोंड जवळ नेऊन बघतं. नागगोळी घरात आणूच नका. किल्ला करा, आकाशकंदील करा. दिवाळीआधीचा घराचा रंगही मूल गावी असताना उरकून घ्या.

केळं, दही, दूध बंद करू का?

सरसकट नाही. दुधानं दम्याचा कफ वाढतो याला भक्कम पुरावा नाही. विशिष्ट पदार्थानं दर वेळी अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात किंवा खोकला येतो, तेव्हाच तो टाळायचा. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं असो की पिशवीतलं, दूध उकळून द्या. आधीच अशक्त पोराचं केळं-दही तोडून काही साधत नाही.

कोजागिरीचं औषध, हैदराबादचा मासा?

कोजागिरीला खिरीतून आणि मृगाला माशातून दिल्या जाणाऱ्या औषधानं दमा बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. श्रद्धा म्हणून कुणी जात असेल तर मी भांडत नाही. दोन गोष्टी मात्र पाळा: रोजचा पंप थांबवू नका आणि त्या गर्दीत मुलाला रात्रभर जागवू नका. नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्यांपासून लांब राहा. चार दिवसांत चमत्कार झाला असेल तर त्यात भरपूर स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

खेळू द्यावं का?

जरूर. हे फुटबॉलचं आणि तालमीचं गाव आहे, इथं पोराला काठावर बसवणं ही शिक्षाच. दमा काबूत असला की मूल कुठलाही खेळ खेळू शकतं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करू द्या. खेळताना नेहमी धाप लागत असेल तर डॉक्टर आधी पफ घ्यायला सांगतील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोजचं औषध पुरेसं आहे का ते तपासतील. सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात विश्रांती. तालमीतली माती उकरायच्या वेळी बाहेर थांबायचं.

शाळेत काय सांगायचं?

खरं सांगायचं. वर्गशिक्षकांना एका कागदावर लिहून द्या: आजार, पंप कुठे आहे, कधी आणि किती द्यायचा, तुमचे दोन फोन नंबर. एक पंप आणि स्पेसर दप्तरात राहू द्या. खडूच्या धुळीमुळे फळा पुसायचं काम आणि पहिल्या बाकावरची जागा तेवढी नको म्हणावं.

अटॅक आला तर नक्की काय करायचं?

मुलाला बसतं करा, आडवं करू नका. तुम्ही शांत राहा, तुमचा चेहरा बघून ते आणखी घाबरतं. स्पेसरमधून साल्ब्युटामॉल, एकावेळी एक पफ. पाच वर्षांखालच्या मुलाला साधारण २ पफ, मोठ्याला ४, किंवा तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिले असतील तितके. वीस मिनिटांनी त्रास असेल तर पुन्हा, आणि पहिल्या तासात असं तीनदा. तरी पुरतं मोकळं झालं नाही, किंवा तीन-चार तासांत पुन्हा धाप लागली, तर दवाखाना गाठा.

पुढच्या खुणा दिसल्या तर वीस मिनिटंही थांबू नका: बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर दिसतात, मूल गुंगीत जातं, तान्हं बाळ दूध ओढत नाही, ऑक्सिमीटर ९२च्या खाली दाखवतो. शिट्टी अचानक थांबली पण मूल दमलेलंच आहे, तर ते बरं होणं नव्हे. हवा आत जायचीच थांबली आहे. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, अपघात विभाग दिवसरात्र उघडा असतो. वाटेत पफ देत राहा.

पूर आला तर?

२०१९ आणि २०२१ला पुरात अडकलेल्या घरांतून फोन आले, तेव्हा औषधं पाण्यात गेलेली होती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. नदीकाठी राहत असाल तर ३९ची बातमी आली की दोन्ही पंप, स्पेसर, तोंडी औषध आणि डॉक्टरांचा कागद एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून हाताशी ठेवा. स्पेसर हरवला तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ, कोरड्या पाण्याच्या बाटलीच्या तळाला पंपाचं तोंड घट्ट बसेल असं भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घेऊ द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ सालीच मुलांवर हे तपासून पाहिलं आहे, आणि ते काम करतं.

पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या-उशा वाळवत बसू नका, टाका. गाळ काढताना आणि ब्लीचिंग पावडर टाकताना मूल नातेवाइकांकडे राहू द्या, भिंती वाळेपर्यंत.

पंप संपला हे कसं कळतं?

हलवून कळत नाही, पाण्यात तरंगवूनही नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो आणि पालकांना वाटतं, डोस गेला. पंपावर आकड्यांची खिडकी असेल तर २० दिसले की नवा आणा. नसेल तर हिशोब मांडा: २०० डोसचा पंप, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक पफ, म्हणजे १०० दिवस. उघडला त्या दिवसाची आणि संपेल त्या दिवसाची तारीख मार्करनं त्याच्यावरच लिहून टाका.